अब्बांच्या मिरीची वाट

अब्बांची मिरी नेमकी कुठून येते हे कुवेतमध्ये आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. विचारणारे पुष्कळ होते आणि अब्बा प्रत्येकाला वेगळं सांगत. बाजारातल्या एका इराणी दुकानदाराला त्यांनी सांगितलं होतं की ही मिरी एका बेटावर होते आणि तिथं वर्षातून दोनच महिने होडी लागते. एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या गिऱ्हाइकाला सांगितलं की वेल इतके उंच असतात की मिरी माकडांकडून उतरवून घ्यावी लागते. आणि बू फहदला सांगून ठेवलं होतं की मलबारकडच्या एका राजाची खासगी बाग आहे, तो राजा फक्त अब्बांनाच माल देतो. हे बू फहद म्हणजे आमचे कफील, आणि अब्बांची बरीचशी मिरी आपल्या गोदामासाठी विकत घेणारेही. परक्या माणसाला इथं स्वतःच्या नावावर दुकान काढता येत नाही. परवाना कुवेती माणसाचा, मेहनत आपली. राजाची गोष्ट निघाली की आई हातातली पळी खाली ठेवून हसायची. "राजा! माझा भाव हसन राजा! फाटक्या बनियनवर पोफळीखाली बसतो, आणि यांचा राजा!" कारण ती मिरी यायची रायगडच्या किनाऱ्यावरून, खाडीपलीकडच्या माझ्या आजोळाहून. हसनमामूच्या आणि शेजारच्या दहा-बारा वाड्यांत पोफळींवर मिरीचे वेल चढवलेले होते. मामू सगळ्यांचा माल गोळा करायचा आणि तो माल मुंबईहून आमच्याकडे यायचा.

आम्ही मिरकाबमध्ये एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, आणि बाजारातलं दुकान एवढंसं, म्हणून पोती घरातच. माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या खाटांखाली मिरी, कपाटावर मिरी, न्हाणीघराच्या वाटेवर मिरी. खिडकीतला एसी सुरू केला की आधी घरघर आणि मग सगळ्या घराला शिंका. पाहुणे रुमाल नाकाला लावून बसायचे. आम्हांला त्याचं काही वाटत नव्हतं. आईनं गावाहून पाटा-वरवंटा आणला होता. विमानात तो कसा चढवला याची तिची स्वतंत्र कथा होती आणि दर वेळी त्यात एक नवा पोलीस यायचा. सकाळी तिचं वाटण सुरू झालं की खालच्या मजल्यावरची मिसरी बाई, उम्म करीम, झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायची. आई दोन मिनिटं थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. शुक्रवारी नारळाच्या रसातलं कोलंबीचं सालन, तांदळाची भाकरी, आणि कुणी गावाहून आलेलं असलं तर सांदण. त्यातलं एक ताट झाकून उम्म करीमकडे जायचं, म्हणून पुढचे दोन दिवस झाडू गप्प. आज माझ्या घरात सून मिक्सर लावते. नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि मी मराठीत उत्तर देतो. असं चाललंय.

शाळेत मी वर्गातल्या पोरांपेक्षा मोठा होतो. गावातली चौथी मराठीत झाली होती, म्हणून इथल्या इंग्रजी शाळेत मला दोन इयत्ता मागे बसवलं. मिसरूड फुटलेला मी मागच्या बाकावर बसायचो आणि मास्तरांशी भांडायचो. शेवटच्या वर्षी इतिहासाला थॉमस मिस होत्या, केरळच्या. युरोपातल्या दर्यावर्दींच्या सफरींचा धडा होता. त्यांनी कारणं सांगितली: मिरी, धर्म आणि राजाची हाव. मिरी वाटेत इतक्या हातांतून जायची की त्यांच्याकडे पोचेपर्यंत तिचा भाव आभाळाला भिडायचा. म्हणून मधले हात टाळून सरळ वाडीवर जायचं. हे मला लगेच कळलं, कारण मधला हात काय असतो ते मी रोज जेवताना समोर बघत होतो. मिसनी हेही सांगितलं की मधल्या अरबांनी म्हणे फार जुन्या काळापासून थापा मारून ठेवल्या होत्या, दालचिनी प्रचंड पक्ष्यांच्या घरट्यांतून काढावी लागते वगैरे. मी इतक्या जोरात हसलो की त्यांनी मला उभं केलं.

"मिस, त्या पोर्तुगीज कप्तानाला वाट कुणी दाखवली?"

"आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक वाटाड्या मिळाला. इथल्या समुद्राचा जाणकार."

"नाव काय त्याचं?"

"त्याबद्दल एकमत नाही. आणि ते परीक्षेला येत नाही. बस खाली."

मी बसलो, पण परीक्षेत सफरींची कारणे व परिणाम लिहा असा प्रश्न आला तेव्हा मी त्या वाटाड्यावर दीड पान लिहिलं. तो नसता तर कारणंही तिथंच राहिली असती आणि परिणामही, असं माझं म्हणणं. दहापैकी तीन गुण पडले. मी सहा मागितले, शिक्षकांच्या खोलीच्या दारात अर्धा तास उभा राहिलो आणि चार घेऊन आलो. तो कप्तान मात्र मला अजून कळत नाही. एवढा समुद्र ओलांडून आला आणि कालिकतच्या राजाला भेट काय दिली, तर टोप्या, पाण्याची भांडी आणि मध. दरबारी लोक हसले. मी स्वतः अम्गऱ्यात, कुवेतच्या भंगारबाजारात, माझ्या यार्डात चाळीस वर्षं भाव करतोय. भाव जमला नाही तर माणूस शिव्या देतो आणि निघून जातो. हे पोर्तुगीज गेले, आणि पुढच्या खेपेला तोफा घेऊन आले. मग इथल्याच लोकांना इथल्याच समुद्रात गलबत न्यायला त्यांच्याकडून लेखी परवाना घ्यावा लागायला लागला. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. पण मग स्वतःच्या खिशातलं निवासाचं कार्ड आठवतं आणि कुणावर ओरडायचं ते कळेनासं होतं.

त्या रात्री जेवताना मी वाटाड्याची गोष्ट अब्बांना सांगितली. अब्बा बोंबलाचा काटा काढत म्हणाले, "त्याला त्याच समुद्रात बुडवायला हवा होता."

"पण अब्बा, त्याला कुठं माहीत होतं पुढं काय होणार ते?"

"वाट माहीत होती ना? मग बाकीचं माहीत करून घ्यायचं."

तेव्हा माझ्यापुढं एकच प्रश्न होता आणि तो घरातल्या सगळ्यांना माहीत होता. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, माझा अब्बांच्या परवान्याला जोडलेला होता. मुलगा वयात आला की तो धागा तुटतो. मग त्याला स्वतःचा कफील आणि कागदावर नोकरी हवी, नाहीतर परत जायचं. गावात आता मला फारसं कुणी ओळखत नव्हतं, खाडीत पोहताही येत नव्हतं. अब्बा रोज म्हणायचे, बू फहदना विचारतो. आणि रोज संध्याकाळी म्हणायचे, आज त्यांच्याकडे माणसं बसली होती. अब्बांसारखा भाव करणारा माणूस मी पाहिला नाही, पण स्वतःच्या मुलासाठी मागायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

फहद हा बू फहदचा थोरला. इंग्लंडात शिकून आलेला, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, हसरा. दुकानात यायचा, मुठीत मिरी घेऊन हुंगायचा आणि मला गाडीतून फिरवायचा. एकदा मीना अब्दुल्लाच्या रस्त्यावर रिफायनरीच्या ज्वाळा दिसायला लागल्या तसा त्यानं गाडीचा वेग कमी केला.

"तुझा इकामा संपतोय ना, या अखी, माझ्या भावा? बाबांना सांगितलं तर ते तुला आपल्या गोदामावर घेतील."

"सांग ना मग."

"सांगतो. पण मला ती राजाची बाग एकदा बघायचीय."

मी हसलो. तोही हसला. राजा नाही हे त्याला कधीच कळलं होतं. मी विचार केला, आणि विचार करतोय असं त्याला दिसू दिलं. तेवढं अब्बांकडून शिकलो होतो. मग म्हणालो, आधी शब्द दे. झाडू मारायची नोकरी नाही, गोदामाच्या कारकुनाची. त्यानं छातीवर हात ठेवला. तो माझा पहिला सौदा. घरी येताना मी स्वतःवर इतका खूश होतो की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

मामूच्या मुलीचं लग्न हिवाळ्याच्या सुट्टीत होतं. बू फहदचा अब्बांना फोन आला: आमच्या फहदला हिंदुस्तानातलं लग्न बघायचंय, तुमच्या घरच्यांबरोबर पाठवू का? कफीलला नाही म्हणता येत नाही. अब्बा दुकान सोडून येऊ शकत नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पोत्यांच्या मधे बसवलं. "पाहुणा हाय. समुद्र दाखव, फिरंग्यांचा पडका कोट दाखव, पोटभर जेवू घाल. वाडीकडं न्यायचा नाय. मामूला सांग, मिरी वाळत घातली असंल तर चटया आत घे. तू समजदार हायस." मी मान हलवली. मामूला द्यायला त्यांनी माझ्याकडे तशी चिठ्ठीही दिली.

लग्नात फहदची बडदास्त नवरदेवापेक्षा जास्त झाली. सांदण त्यानं अकरा खाल्ली. आईनं मोजली आणि पुढं कित्येक वर्षं सांगितली. लग्नानंतरच्या सकाळी मी त्याला होडीतून कोट दाखवायला नेला. तट ढासळलेला, बुरुजावर वड उगवलेला.

"इतक्या लांबून हे लोक फक्त मिरीसाठी आले?" त्यानं विचारलं.

"मधले लोक फार खात होते," मी म्हणालो.

हे वाक्य मीच बोललो. आईची शपथ, बोलताना ते मला धड्यातलंच वाटत होतं.

होडी परत लागली. उजवीकडे घर, डावीकडे वाडीवर जाणारी दगडी पाखाडी. मी डावीकडे वळलो. मी विसरलो नव्हतो, फसलोही नव्हतो. अब्बांची चिठ्ठी माझ्या खिशात तशीच होती, मामूला दिलेलीच नव्हती. मला इकामा हवा होता.

चटया अंगणभर पसरलेल्या होत्या, हिरवी-तांबडी मिरी उन्हात काळी पडत होती. मामूला कोण आनंद झाला. "अरं, पाहुणा मिरी बघाया आला! चल, चल!" त्यानं वेल दाखवले, घोस हातात दिले. फहदनं एक दाणा चावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्यानं खिशातून वही काढली. वर्षाला किती निघते? आणखी कुणाच्या वाड्या आहेत? मुंबईला माल कोण उतरवतो? तो मला अरबीत विचारायचा, मी मामूला विचारायचो, मामू बोटं मोजून सांगायचा, मी परत अरबीत. एवढं झाल्यावर फहद म्हणाला, "आता याला सांग, कुवेतमध्ये आम्ही तुझ्या अब्बांना काय भाव देतो."

मी थांबलो. खरंच थांबलो. घरात कुणी यावर विश्वास ठेवत नाही.

"सांग ना," मामू म्हणाला. "काय बोलतो तो?"

मी आकडा सांगितला. मामूनं हातातला घोस चटईवर ठेवला आणि लुंगीला हात पुसले. मग म्हणाला, "तुझा बाप हुशार हाय." आणि पाहुण्यासाठी शहाळं काढायला माणूस पाठवला.

पुढच्या हंगामात पोती आमच्याकडे आली नाहीत. आईला वाटलं बंदरात अडकली असतील. एके दुपारी अब्बा बू फहदच्या गोदामात वेलची घ्यायला गेले आणि तिथं त्यांना पोत्यांची तोंडं दिसली. मामू दुहेरी सुतळीनं उलटी शिवण घालतो, तशी दुसरं कुणी घालत नाही. घरी आले, हात धुतले, जेवले. मग पाणी पिऊन विचारलं, "त्याला वाडीत कोण घेऊन गेला?"

"मी."

आई मधे पडली. "पोराला काय कळतंय—"

"त्याला कळतंय," अब्बा म्हणाले. मग माझ्याकडे बघून एकच शब्द: "वाटाड्या."

हा शब्द बहिणीनं ऐकला, तिनं चुलतभावंडांना सांगितला, आणि तिथून तो खाडीपलीकडं गेला. आज माझ्या यार्डात आमच्या गावची एकोणीस पोरं कामाला आहेत. त्यांचे व्हिसे मी काढले, त्यांच्या बहिणींच्या लग्नांना मी उभा राहिलो. तरी मागच्या महिन्यात लग्नाच्या मांडवात एक म्हातारा काठीनं माझ्याकडे बोट दाखवून कुणाला तरी सांगत होता, "हा तो वाटाड्या." मी जेवण अर्धं टाकून उठलो. बायको म्हणते, या वयात एवढा राग बरा नाही. मग कुठल्या वयात करायचा?

आणि परिणाम म्हणाल तर मला आजही ते एका बाजूला लावता येत नाहीत. पहिली दोन वर्षं मामूला चांगला भाव मिळाला. गावात पहिलं स्लॅबचं घर त्याचं झालं, शेजारच्या दोन पोरी शिकल्या. मग फहदनं सगळ्या वाड्यांकडून लिहून घेतलं की माल दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. त्यानंतर काही हंगामांनी त्याला दुसऱ्या देशातली स्वस्त मिरी सापडली आणि तो यायचा बंद झाला. तोपर्यंत मुंबईहून माल पाठवायचे जुने रस्ते तुटले होते. वेल वाळले. मामू त्याच्या स्लॅबच्या घरात बसून अब्बांना शिव्या द्यायचा, मला नाही. आईनं भावाशी बोलणं सोडलं नाही आणि नवऱ्याशीही नाही. फक्त दोघांविषयी एकमेकांपाशी बोलणं सोडलं. मी चूक केली का? केली. पण नसती केली तर मी कुठं असतो? हा हिशोब मी शंभर वेळा सुरू केला, एकदाही पुरा झाला नाही.

फहदनं मात्र शब्द पाळला. बू फहदच्या कारकुनानं माझे कागद तयार केले. पण बापाच्या नावावरून माझं नाव काढायला बापाची सही लागत होती. अब्बा महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. सही केली नाही तर माझी मुदत आठ दिवसांत संपत होती. मी विचारलंच नाही. आईनं कागद त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. "चल."

परवान्यांच्या कचेरीत चार रांगा होत्या. आमचा नंबर यायला तीन माणसं उरली तेव्हा अब्बांनी चष्मा लावून कागद वाचला. त्यांना अरबी वाचायला वेळ लागायचा. मधेच त्यांचं बोट थांबलं.

"हे काय? एक वर्ष?"

"हो."

"वाडी दाखवलीस, अख्ख्या गावाचा माल दाखवलास, माझा भाव सांगितलास... आणि एक वर्ष घेतलंस?"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी म्हणालो, अब्बा, हळू. ते रांगेतून बाहेर पडले, मला दंडाला धरून. भर उन्हात चालत आम्ही बू फहदच्या दिवाणियात गेलो, जिथं ते सकाळी माणसांना भेटत. दहा-बारा जण बसलेले होते. वर्षभर मला तेच कारण मिळत होतं, आज तिथं माणसं बसली आहेत. अब्बा सगळ्यांना सलाम करत सरळ पुढं गेले आणि कागद बू फहदच्या समोर ठेवला.

"बू फहद, वाडी तुम्ही घेतलीत. व्यापार आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मुलगा मी एका वर्षासाठी देणार नाही."

"बस, चहा घे आधी."

"चहा घेतो. पाच वर्षं लिहा."

बू फहद हसले. "दोन."

"माझी सही नाही झाली तर मुलगा आठ दिवसांत गावी जाईल. गावी त्याचा मामा आहे. यंदा माल तुम्हांला मिळाला. पुढच्या वर्षी तो मामा तुमच्या वहीचं ऐकेल की मांडीवर खेळवलेल्या भाच्याचं?"

कुणीतरी खोकला. फहद कोपऱ्यात फोनवर होता, तो थांबला. ज्या माणसाला वर्षभर एक शब्द मागता आला नव्हता तो आता चहाचा पेला हातात घेऊन आरामात बसला होता, जणू वेलचीचा भाव चाललाय. बू फहद तीनवर आले. अब्बांनी पेला खाली ठेवला, उठल्यासारखं केलं, पुन्हा बसले. तीनवरच ठरलं, पण गोदामातला हुद्दा एक पायरी वर लिहून घेतला. कारकुनानं नवा कागद केला. अब्बांनी तो पुन्हा सगळा वाचला, बोट ठेवून.

परत जाताना ते पुढं, मी मागं. मला रडू येत होतं आणि हसूही. हा माणूस माझ्यासाठी भांडला होता की वाईट सौदा त्याला बघवला नव्हता, ते मला कळत नव्हतं. कचेरीच्या पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं.

"अब्बा, तुम्ही माझ्यावर रागावलात ते कशासाठी? मी वाडी दाखवली म्हणून, की स्वस्तात दाखवली म्हणून?"

ते थांबले. चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले. खरोखरच आठवून बघत होते.

"मना पण समजत नाय," ते म्हणाले. "चल आत. खिडकी बंद होईल."